वर केलेला हात

आमचं गाव विमानतळाच्या कुंपणाला लागून आहे. विमान उतरताना पत्रा हादरतो, पण गोठ्यातली म्हैससुद्धा आता मान वर करत नाही. मीही करत नव्हते. गेल्या महिन्यापासून मात्र आवाज आला की मी हातातलं काम टाकून वर बघते.

माझी लेक स्वस्त तिकिटांच्या एका विमान कंपनीत आहे. विमानतळावर बसून ती लोकांच्या बॅगा वजन करून घेते आणि पास देते. शेजारच्या काउंटरवर दुसरी कंपनी, तीही स्वस्तातलीच. तिथं चंदगडकडची एक मुलगी आहे. ती आमच्याच घरी, लेकीच्या खोलीत राहते. दोघी एकाच गाडीवरून कामाला जातात. एकीचा ड्रेस निळा, दुसरीचा तांबडा. इस्त्री दोन्हींना मीच करते.

एका रात्री जेवताना चंदगडची पोरगी भाकरी मोडत म्हणाली, "मावशी, तुमची लेक मला विकत घेणार हाय."

"तुला फुकट बी कोण घेणार न्हाय," लेक म्हणाली. "आमची कंपनी तुमची कंपनी घेणार. तू आपली माझ्या हाताखाली बॅगा उचल."

"उचलतो की. पैली तुझीच फेकतो."

दोघी हसल्या. लेकीनं मग समजावून सांगितलं. अजून ठरलेलं नाही. घ्यावी की घेऊ नये, हे त्यांच्या कंपनीनं सगळ्या कामगारांना मोबाईलवर विचारलंय, रविवारपर्यंत सांगायचं. त्या कंपनीला मुंबईत विमान उतरवायच्या चांगल्या वेळा आहेत, त्या हिच्या कंपनीला मिळत नाहीत. विकत घेतली की वेळाही आपल्या, विमानंही आपली.

"मग हितं काउंटर किती ऱ्हाणार?" मी विचारलं. माझा आवाज इतका हळू की पोरींना ऐकू गेलाच नाही. माझ्या यजमानांना गेला. त्यांचा घास हातातच राहिला. मग ते "बास झालं" म्हणून उठले.

ते का उठले, हे मला कळलं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ते गावातल्या दूध संस्थेत होते. प्रत्येकाच्या दुधाची फॅट काढायचं, म्हणजे दूध किती दाट ते मापायचं काम त्यांचं. त्यांच्या मापावर कुणी कधी शंका घेतली नाही. पलीकडच्या गल्लीत दुसरी संस्था होती. तिच्याकडं दूध गार ठेवायची मोठी टाकी होती, आमच्याकडं नव्हती. आमच्या चेअरमननी ठरवलं, ती संस्था आपल्यात घ्यायची. आपण मोठे होणार म्हणून सगळे खूश होते.

देवळाच्या मंडपात सभा झाली. म्हैस माझ्या नावावर, म्हणून सभासद मी. आम्ही बायका मागं बसलो होतो. मला ते बरं वाटत नव्हतं. दोन संस्थांत फॅट काढणारे दोघं, एकीत दोघांचं काय काम, एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही समजतं. पण चेअरमन म्हणाले, मंजूर असेल त्यांनी हात वर करा. माझ्या डाव्या-उजव्या बायकांचे हात वर गेले. सगळे माझ्याकडं बघतील या भीतीनं मीही केला. मान खाली घातली होती. हात कोण मोजत होतं, तेही पाहिलं नाही.

टाकीबरोबर त्या संस्थेचा फॅट काढणारा आला. त्याला नवीन मशीन चालवता येत होतं, आणि तो त्यांच्या चेअरमनचा जावई होता. तीन महिन्यांत ह्यांना घरी बसवलं. मग हे एमआयडीसीतल्या फौंड्रीत, लोखंडाच्या ओतकामावर लागले. आधी ह्यांच्या कपड्यांना दुधाचा वास यायचा, तो गेला आणि जळक्या मातीचा आला. मी हात वर केला होता, हे मी कुणाला सांगितलं नाही.

म्हणून त्या आठवड्यात मला झोप नव्हती. लेकीला सांगायचं होतं, न्हाय म्हण. पण का, असं तिनं विचारलं तर सगळंच सांगावं लागणार. धुणं धुताना मी तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत होते. रविवारी सकाळी ती वेणी घालत असताना शेवटी बोलले.

"त्या मोबाईलवर न्हाय म्हण, बाळ."

"सोमवारीच व्हय दाबलो की."

"का गं?"

"साहेब समोर हुभा होता. सगळ्यांनी दाबलं. मी एकटी न्हाय म्हणून कशाला डोळ्यावर येऊ?"

चंदगडच्या पोरीला मी विचारलं, "तुझ्या कंपनीनं काय विचारलं?"

"आमाला कोण विचारतंय, मावशी? विकताना म्हशीला विचारत्यात व्हय?" ती हसत म्हणाली. पण तिनं ड्रेसचं बटण चुकीच्या काजात घातलं होतं. ते मी काढून नीट लावून दिलं.

"जातो, आई," म्हणून दोघी गाडीवरून गेल्या.

हे ओसरीवर बूट घालत होते. मी दाराआडून म्हटलं, "त्या संस्थेच्या सभेत मीबी हात वर केलता."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "हात मोजायला मलाच हुभं केलतं."

म्हणजे माझा हात त्यांनी बघितला होता. मोजला होता. इतकी वर्षं माझ्या हातचं जेवताना त्यांना ते माहीत होतं.

"पोरीनं काय केलं?" त्यांनी विचारलं.

"व्हय म्हणाली."

त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, सोडली, परत बांधली.

"दोघींतली एक तरी ऱ्हाईल," ते म्हणाले आणि कामावर गेले.

कुठली, हे विचारायचा धीर मला झाला नाही. दुपारचं विमान आलं. पत्रा हादरला. तारेवर वाळत घातलेले दोघींचे दुसरे ड्रेस, एक निळा आणि एक तांबडा, मी काढून आत आणले आणि इस्त्री तापत ठेवली.