मेहुण्यांची तीन मिनिटं

भर वैशाखात जळगावातल्या घरात पंखा बंद करायला लावून वर "आता श्वास जरा हळू घ्या" असं सांगणारा माणूस सबंध खानदेशात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला मेहुणा म्हणून आला. बायकोचे हे थोरले भाऊ. दिवसभर डाळमिलच्या खडखडाटात नोकरी. पन्नाशीला त्यांनी गिटार घेतली, मोबाइलवर बघून शिकले आणि तीन मिनिटांची स्वतःची एक धून बसवली. ती घरीच रेकॉर्ड करायची, पण अगदी स्वच्छ. "एकदा नीट उतरू द्या पाहुणे, मग लोकांना कळेल मी काय वाजवतो ते," असं ते चार वर्षं म्हणत होते.

उतरायची मात्र नाही. कधी कुकर शिट्टी देई, कधी गल्लीतून रिक्षा जाई. खिडक्यांना गाद्या लावल्या, तर गादीमागे पाल चुकचुकली. एकदा ते कपड्यांच्या कपाटात शिरून वाजवत होते आणि वहिनींनी इस्त्रीच्या साड्या ठेवायला दार उघडलं, दोघंही किंचाळले. रविवारी मला परीक्षक म्हणून बोलावणं असे. "दुसरं रेकॉर्डिंग बरं की सातवं?" सगळी मध्येच तुटलेली, मला सारखीच वाटत. मी अंदाजाने सातवं म्हणे. ते आदराने बघत आणि म्हणत, "बरोबर. पण त्यात तुम्ही खोकलात." मला नेमकं कान म्हणून बोलावलंय की खोकला म्हणून, तेच समजत नसे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना युक्ती सुचली. वहिनींकडे गल्लीतल्या बायका उडदाचे पापड लाटायला जमल्या, की लाट्या वाळू नयेत म्हणून पंखा आपसूकच बंद असतो. मेहुणे गिटार घेऊन त्या आठ बायकांच्या मधोमध बसले आणि हात जोडून तीन मिनिटं शांतता मागितली. आठ बायका, त्यात पापडांचा दिवस! मला हसू आवरेना. पण पारोळ्याकडच्या म्हाताऱ्या अक्का म्हणाल्या, "वाजाड भाऊ, आम्ही बठ्ठ्या गप शेतस," आणि खरोखरच लाटणी थांबली. कुकर नाही, रिक्षा नाही, मीही खोकलो नाही.

मिनिटभर वाजवून मेहुणे थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडखळले. त्यांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोष द्यायला कोणीच नव्हतं.

"म्हणजे... हे आजवर माझंच चुकत होतं का हो, पाहुणे?"

चार वर्षं मी बेधडक 'छान' म्हणत आलो होतो. त्या दिवशी तो शब्द तोंडातून निघेना. ते चांगलं वाजवतात की वाईट, हे मला खरंच कळत नव्हतं, आणि या प्रश्नाला अंदाजाने उत्तर द्यायची लाज वाटली. ते थांबलेले बघून अक्काच म्हणाल्या, "थांबना काबर भाऊ? पुढलं आयकनं शे ना आम्हले."

मेहुण्यांनी रेकॉर्डिंगला लावलेला मोबाइल बंद करून बाजूला ठेवला आणि चुकत, अडखळत धून शेवटपर्यंत वाजवली. ती संपते कशी, हे इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा ऐकलं, आणि का कोण जाणे, माझे डोळे भरून आले.

त्यानंतर त्यांनी रेकॉर्डिंगचं नाव काढलं नाही, रविवारचं बोलावणंही बंद झालं. कधीकधी एकटाच असलो की मी ती धून गुणगुणून बघतो. सुरुवात तोंडपाठ आहे. शेवट काही केल्या आठवत नाही, आणि पुन्हा वाजवा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.