चारच्या वर बाया

आणीबाणीतल्या एका पावसाळ्यात मी गावातली सर्वांत शिकलेली सून होते. म्हणजे मॅट्रिक नापास. पण पेपर वाचता यायचा आणि जीभ फार चालायची. तशी सून आज माझ्या घरात आली असती, तर मीच तिला चार दिवस माहेरी धाडली असती.

करडीजवळचं आमचं गाव तलावाच्या पाण्यावर धान पिकवायचं. पाणी सोडायच्या दाराला आम्ही तुडूम म्हणतो. त्या वर्षी पाऊस मध्येच थांबला आणि सरपंच स्वतःच्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, भरल्या की तुडूम बंद करायला लावत. आमचं शेत अगदी शेवटी. रोवायचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पिवळे पडू लागले होते. लवकर पाणी आलं नसतं तर वर्षभराचं धान गेलंच असतं.

गावात आमचं महिला मंडळ होतं. एरवी तिथं हळदीकुंकू आणि चुगल्या, सासूबाई अध्यक्ष. या वेळी ठरलं, मारुतीच्या देवळात सभा घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून सरपंचांकडे जायचं. त्यांच्या कानावर ते गेलं. संध्याकाळी कोतवालाची दवंडी फिरली, की सरकारचा हुकूम आहे, चारच्या वर माणसं जमायची नाहीत, जमली तर जेल.

हुकूम सरकारचा की गावातच तयार झालेला, विचारायचं कुणाला? शेजारच्या गावातले एक मास्तर असलंच काही विचारायला तालुक्याला गेले होते, ते अजून घरी परतले नव्हते. सभा राहून गेली.

दुसऱ्या दिवशी रोवणा, म्हणजे धानाची लावणी होती, तीही सरपंचांच्या बांधीत. आपल्या शेतात पाणी नाही म्हणून आम्ही त्यांच्याकडे मजुरीला गेलो होतो. ओळीनं वाकून मागे सरकत रोवत असताना माझ्या नापास डोक्यात एकदम उजेड पडला. आपण चारच्या वर आहोत!

"उठा वो सगळ्या! चौघी राहा, बाकीच्या घरी जा. जेल होईल!"

मी चेष्टा करत नव्हते. मोठी मुलगी पोटात होती, आणि जेलात बाळंतपण कसं करतात एवढंच मला सुचत होतं.

सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काहून बोंबलून राहिली वो?"

"हुकूम आहे ना, माय. दवंडी नाई आयकली का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाळीवर, म्हणजे बांधीच्या बांधावर, छत्री धरून बसलेल्या सरपंचांकडे पाहिलं.

"पोरगी बरोबर बोलते," त्या म्हणाल्या. "सरपंचभाऊ, आमाले जेलात नाई जाचं."

बघता बघता बाया चिखलातून बाहेर आल्या. चौघी उरल्या, त्याही सावकाश हात चालवू लागल्या. उपटलेल्या पऱ्ह्यांच्या जुड्या बांधीभर पसरल्या होत्या. उपटलेलं रोप फार वेळ थांबत नाही.

सरपंच उठले. "अवो, तो हुकूम सभेसाठी! कामाले कोण अडवून राहिलं?"

"दवंडीत कामाचं नाव नोतं, भाऊ," माझी थोरली जाऊ म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

"मी सांगतो ना, इथं जमलं तर चालते!"

"तुमी सांगता?" सासूबाईंनी विचारलं. "मंग हुकूम कोनाचा होता?"

सरपंचांनी छत्री मिटली, पुन्हा उघडली.

"बांधीत जमलं तर चालते ना?" सासूबाईंनी पक्कं करून घेतलं.

"चालते म्हनलं ना!"

"मंग सभा इथंच. बसा वो सगळ्या."

त्यांच्याच पाळीवर आम्ही चिखलाच्या पायांनी बसलो. बोलायचा विषय एकच होता. सरपंचांनी धाडलेला कोतवाल तुडूम उघडायला गेला, पाटात पाणी दिसलं, तेव्हाच आम्ही पुन्हा वाकलो. आमच्या शेताला ते रात्री पोचलं.

गावभर झालं, की अमक्याच्या सुनेनं सरपंचाला कायद्यात पकडलं. मीही मान ताठ करून पाणी भरायला जाऊ लागले. सासूबाईंनी चुलीपाशी एवढंच म्हटलं, "थरथरत होती काल, अन् आज वकिलीण झाली."

पुढे आणीबाणी उठली. मास्तर घरी आले, अर्धे होऊन. ऐंशीनंतर मी मंडळाची अध्यक्ष झाले, तेव्हा जमायला कुणाची मनाई नव्हती. मोठ्या ऐटीत देवळात सतरंजी अंथरली, चहा सांगितला. आल्या तिघीच. बाकीच्या केव्हाच्या बांधीच्या पाळीवर बसून माझ्या नावानं बोटं मोडत होत्या.