चाकापुढच्या चपला

आमच्या बाजार समितीच्या आवारात दोन मोठे लिंब होते. ट्रक उभे करायला जागा हवी म्हणून समितीनं ते तोडले. तेव्हा मी सभापतींशी कडाडून भांडलो. "हमालांनी बसायचं कुठं?" ते म्हणाले, "शेठ, तुम्ही सोयाबीनचा भाव बघा."

मग हमाल उभ्या ट्रकांखाली बसू लागले. खाली शिरण्याआधी चपला पुढच्या चाकासमोर काढून ठेवायच्या, हा त्यांनीच पाडलेला रिवाज. ड्रायव्हर चपला बघायचा, हाक मारायचा, मगच गाडी काढायचा.

माझा थोरला भाऊ त्या हमालांतलाच. त्यानं पोती वाहिली म्हणून मी शिकलो, आडत दुकान टाकलं. आता गल्ल्यावर बस म्हटलं की हसायचा. "बसून बसून कंबर धरती माझी."

त्या दुपारी पुढच्या गाडीची वाट बघत तो ट्रकखाली टेकला होता. चपला जागेवर होत्या. पण समोर दुसरी गाडी आडवी लागली, म्हणून ड्रायव्हरनं ट्रक मागं घेतला. मागं जाणारा पुढं कशाला बघतो?

मी वजनकाट्याजवळ होतो. "आरं थांब! थांब!" भावाचाच आवाज. धावलो, तोवर सगळं झालं होतं.

समितीचं म्हणणं एकच: हमाल गाडीखाली झोपला, चूक त्याची. मी पेटलो. तो जागा होता, कामावर होता. त्याची हाक ऐकलेले हमाल मी समितीच्या बैठकीत उभे करणार होतो. बैठकीच्या दिवशी सकाळीच गावी, अणदूरला गेलो, वहिनीला सांगायला, की आज समितीला सोडत न्हाय.

ती दारात ज्वारी निवडत होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "भावजी, ते झोपेत होते म्हणं. लई बरं झालं बघा. कळलंच नसंल त्यांना."

तिचा ज्वारीतला हात थांबला.

"झोपेतच होते नव्हं?"

"व्हय, वहिनी."

बैठकीत सभापतींनी विचारलं, "बोला शेठ, काय म्हणणं तुमचं?" हमाल माझ्या मागं उभे होते. इथं बोललेलं संध्याकाळपर्यंत अणदूरला पोचतं. आयुष्यात समोरच्यानं सांगितलेला पहिला भाव मी कधी मान्य केलेला नाही.

"झोपला होता," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर एक म्हातारा हमाल जवळ आला. "शेठ, आमी तर ऐकलं की त्याला वरडताना."

"काय ऐकलं तुम्ही?" मी त्याच्या अंगावर धावून गेलो. "काय ऐकलं? कुणीबी काय ऐकलेलं न्हाय!"