पूर्वेकडे तीन खिळे

"पुन्हा सांगा."

"सांगितलं ना, वहिनी."

"पुन्हा सांगा म्हणते ना! तोंड कुठे आहे त्यांचं?"

"पश्चिमेला."

"म्हणजे?"

"म्हणजे फाटकाकडे. इथे सगळ्यांची तोंडं पूर्वेला आहेत. त्याचं एकट्याचं पश्चिमेला."

"आणि मी? दर रविवारी मी उभी राहते, ती कुठे?"

ओळंबाकाकांनी नजर फावड्यांकडे वळवली. "तुम्ही... त्याच्या उशाशी. मागे."

"मागे!" वहिनींनी हातातली डब्याची पिशवी स्टुलावर आदळली. "बावीस वर्षं मी नवऱ्याच्या डोक्यामागे उभी राहून बडबडतेय, आणि तुम्ही पलीकडे पानं झाडताय. दिसत होतं ना तुम्हाला?"

"दिसत होतं."

"गेल्या रविवारी लेकीचं लग्न ठरल्याचं सांगितलं मी त्यांना. चांगली वाकून, हळू आवाजात. भाऊजी, तुम्ही तेव्हा तिथेच होतात!"

काकांचं बोलायचं ते सकाळीच ठरवून झालं होतं आणि सांगूनही झालं होतं. आता फक्त ऐकायचं राहिलं होतं.

दफनभूमीच्या कोपऱ्यातली ती पत्र्याची खोली. फावडी, कुदळी, घमेली, सुतळीची भेंडोळी, आणि उरलेल्या जागेत जेमतेम एक स्टूल. वहिनी इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला, अंगावर तिथला निळा एप्रन. कामावर निघालेल्या असताना काकांनी त्यांना रस्त्यातच गाठलं आणि "जरा आत या, एक सांगायचंय" म्हणून इथे आणलं. वहिनींना वाटलं, गुलाबाच्या रोपांबद्दल असेल.

काकांचं खरं नाव चर्चच्या वहीत असेल, पण मंडळीत त्यांना ओळखत सगळे ते ओळंबा म्हणूनच. गवंडी भिंतीशी दोरी सोडतो ना, टोकाला वजन बांधलेली? भिंत सरळ चढतेय की झुकतेय ते सांगणारी? तो ओळंबा. काका तरुणपणी गवंडी होते आणि त्यांचा जोडीदार होता वहिनींचा नवरा, गिलाव्या. यांनी भिंत उभी करायची, त्याने तिच्यावर गिलावा चढवायचा. एक जितका मोजूनमापून, दुसरा तितकाच मोकळा. उपासनेत गिलाव्या कधी धड समोर बघून बसला नाही. मान वळवून मागच्या बाकांवर कोण आलंय, कोण पेंगतंय, कोणाचं पोर रडतंय, ते बघत बसायचा आणि रडणाऱ्या पोरांना वेडावून हसवायचा. वहिनी त्याची बाही ओढून ओढून दमायच्या.

पुढे काकांची छाती सिमेंटच्या धुळीने धरली आणि चर्चने त्यांना दफनभूमीचं काम दिलं. तिथेही माणूस ओळंबाच राहिला. खिशात होकायंत्र. खड्डा घ्यायच्या आधी दोन खुंट्या, मधे ताणलेली सुतळी, आणि सुतळी नेमकी पूर्व-पश्चिम. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. पहाट जिकडून होते तिकडूनच प्रभू येणार. शेवटच्या दिवशी कर्णा वाजला आणि पुरलेला माणूस उठून बसला, की समोरच तो दिसला पाहिजे. मंडळीतली पोरं चेष्टा करायची, "काकांसमोर वाकडं उभं राहू नका रे, दोरी लावतील." काका हसायचे नाहीत. ज्या दिवशी सगळ्या जगाचा न्याय व्हायचाय, त्या दिवसाची बैठक आपण मांडतोय, यात हसण्यासारखं त्यांना काही दिसत नसे.

संध्याकाळी फावडं पुसून खुंटीला अडकवलं, की ते पूर्वेच्या भिंतीकडे बघून म्हणायचे, "आज आलास तरी चालेल, प्रभू. सगळे तयार आहेत." शेजाऱ्याला आवाज द्यावा इतक्या सहज.

फक्त त्या भिंतीजवळच्या पहिल्या रांगेतल्या एका क्रुसाकडे त्या वेळी त्यांची नजर जात नसे.

बावीस वर्षांपूर्वी गिलाव्या तापाने गेला. चार दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. पेटी नेहमी पश्चिमेच्या मोठ्या फाटकातून यायची, पाय पुढे करून. खांदेकरी सरळ चालत आले की पाय आपसूक पूर्वेला. त्या दिवशी मोठ्या फाटकापाशी पाण्याच्या पाइपासाठी चर खणलेला होता, म्हणून पेटी मागच्या, पूर्वेकडच्या लहान फाटकातून आणली. पाय पुढेच. पेटी साधी, दोन्ही टोकांना सारखीच रुंद. काकांनी पहाटे सुतळी ताणली होती, होकायंत्र लावलं होतं, खड्डा बोटभरही चुकलेला नव्हता. पेटी दोरांवरून खाली टेकली. पाळक माती हातात घेऊन बोलू लागले. काकांनी सहज खाली झाकणाकडे पाहिलं.

पेट्या करणारा सुतार डोक्याच्या बाजूला झाकणावर तीन खिळे मारायचा, पायाच्या बाजूला दोन. तीन खिळे पूर्वेला होते.

हात वर करायचा होता, एवढंच. "थांबा, उचला, फिरवा." पण समोर कडेवर तान्ही लेक घेतलेल्या वहिनी, भोवती रडणारी मंडळी, आणि मनात एकच गोष्ट: ओळंबा चुकला असं लोक म्हणतील. त्यांनी मान खाली घातली आणि फावडं उचललं. पहिली माती त्यांनीच टाकली, त्या तीन खिळ्यांवर. क्रूसही नेहमीसारखा पश्चिमेलाच रोवला, गिलाव्याच्या पायांशी.

त्यानंतर त्या गोष्टीची वाच्यता नाही. बायको होती तोवर तिच्याजवळही नाही.

आणि आज सकाळी कर्णा वाजला.

धुकं इतकं, की हातातल्या मगातला चहा दिसेना. काका पायवाटेवर उभे. क्रूस, झाडं, भिंत, सगळं पांढऱ्यात बुडालेलं, आणि पूर्वेकडचं पांढरं आतून उजळत चाललेलं. तेवढ्यात तिकडूनच एक सूर निघाला. एकच, लांब, पितळी. थांबेचना. चहाचा मग हातातून कधी सुटला, त्यांना कळलं नाही. अंगावरचा केस न् केस उभा राहिला.

आला.

भीती पहिल्यांदा वाटलीच नाही. लहानपणी बाप महिनोन्महिने कामाला परगावी असायचा. अंधारात कडी वाजली, की पोरं अंथरुणातून उठण्याआधीच ओळखायची. तसं झालं. छातीत मावेना इतकं. पायाखालची माती आता हलेल, क्रुसाक्रुसापाशी माणसं उठतील, ज्यांना आपण दोरांनी हलकेच खाली सोडलं ती सगळी, म्हातारी, पोरसवदा, आपली बायको. आणि त्याच श्वासात आठवलं: गिलाव्या!

पासष्टीचा माणूस फावडं घेऊन धुक्यात धावत सुटला. पहिल्या रांगेतली ती जागा त्यांना डोळे मिटूनही सापडली असती. दोन फावडी माती उकरलीसुद्धा. सूर वाजतोय, उजेड वाढतोय, आणि काका धापा टाकत म्हणतायत, "थांब. थांब, एक मिनिट थांब!"

मग सूर फाटला. फाटला, खोकला, आणि पहिल्यापासून सुरू झाला. भिंतीपलीकडच्या शाळेतून कोणीतरी ओरडलं, "अरे फुंक, थुंकू नकोस!"

शाळेने नवं बँडपथक काढलं होतं. काकांना ते पोरांच्या ओरडण्यावरून तेव्हा कळलं.

ते मटकन त्याच मातीवर बसले. आधी हसू आलं. मग रडू. तीस वर्षं रोज संध्याकाळी 'ये' म्हणणारा माणूस, आणि तो येतोय असं खरंच वाटलं तेव्हा तोंडातून निघालं काय, तर 'थांब'. साऱ्या मंडळीची बैठक डोळ्यांत तेल घालून मांडली होती. मांडणाराच तेवढा तयार नव्हता.

मातीचे हात पुसले आणि ते सरळ वहिनींच्या रस्त्याला जाऊन उभे राहिले.

"काय चाललंय? आवाज रस्त्यापर्यंत येतोय." दारात पाळकसाहेब उभे होते. वर्षभरापूर्वीच आलेले, तरुण. सायकल अजून हातातच.

"यांनाच विचारा," वहिनी म्हणाल्या.

काकांनी दोन वाक्यांत सांगितलं. ऐकून पाळकांचा जीव भांड्यात पडला; त्यांना काहीतरी भयंकर वाटलं असावं. ते हसून म्हणाले, "अहो काकू, जो त्यांना उठवणार आहे, त्याला वळवता येणार नाही का?"

"असं?" वहिनी वळल्या. "मग हे तीस वर्षं दोऱ्या कशाला ताणतायत? टाकायचं पोत्यासारखं! कुठेही डोकं, कुठेही पाय. तो करेल गोळा."

पाळकांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. सायकल त्यांनी भिंतीला टेकवली, तीही दोनदा घसरली. मग म्हणाले, "मला नीट सांगता नाही येणार, काकू. माझी आई पाहुणे यायचे असले की घरातल्या खुर्च्या दाराकडे तोंड करून मांडायची. येणाऱ्यांना त्याने काही फरक पडत नव्हता. पण आम्ही पोरं त्या खुर्च्यांत बसलो, की दुसरीकडे बघायचोच नाही."

"आणि यांची खुर्ची उलटी."

"हो."

"उघडता येईल?"

"परवानगी काढावी लागेल. तुम्ही म्हणाल तर आजच अर्ज करतो."

"मी खणेन," काका म्हणाले. "एकटा. कोणाला हात लावू देणार नाही. पण वहिनी, आधी एक ऐका. सकाळी मी तिथे बसलो ना, तो त्याच्यासारखाच बसलो. तोंड फाटकाकडे, पाठ पूर्वेला. मुद्दाम नाही, पायच तसे मुडपले. आणि मागून ऊन आलं."

"मग?"

"मला सूर्य दिसला नाही. मला क्रूस दिसले. धुक्यातून एकेक उजळायला लागला. आधी समोरचा, मग त्याच्या मागचा, मग रांगच्या रांग, थेट फाटकापर्यंत. तीस वर्षं मी त्या सगळ्यांना मागून बघत आलोय. आज पहिल्यांदा वाटलं, मंडळी बसलीय आणि हरेकाच्या तोंडावर..." त्यांना पुढचा शब्द सापडला नाही. हाताने त्यांनी स्वतःचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत पुसल्यासारखा केला. "माझ्या पाठीला ऊब लागली. मागे कोण आहे ते मला कोणी सांगावं लागलं नसतं. त्या तोंडांवर सगळं लिहिलेलं होतं. मग मी वळलो. वळावंच लागतं हो. राहवत नाही."

पलीकडे कर्णा पुन्हा चाचपडत चढू लागला. या वेळी जरा वरपर्यंत गेला.

"तसेही ते कधी समोर बघून बसलेच नाहीत," वहिनी पुटपुटल्या. आवाज जरा हलला, पण लगेच पूर्वीसारखा झाला. "त्यांचं जाऊ द्या. ते वळतील. तुमचं काय? तुम्ही खिळे बघितलेत आणि मान खाली घातलीत. लोक हसतील म्हणून?"

"हो."

"माझ्याकडे बघून दया आली म्हणून गप्प राहिलो, असं नाही सांगणार?"

"नाही. तसं स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. ते खोटं आहे."

"मग आजच का? मेलेच असते मी दहा-वीस वर्षांनी. शेजारी पुरलं असतंत, सुतळी लावून. कळलंही नसतं मला."

"कळलं असतं, वहिनी." काकांनी पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "त्या दिवशी सगळं कळणार. मी तिथे उभा, तुम्ही तिथे, गिलाव्या तिथे. आणि तुम्हाला ते पहिल्यांदा प्रभूच्या तोंडून कळणार, मी शेजारी असताना. ते मला सोसवलं नसतं. म्हणून म्हटलं, माझ्या तोंडून कळावं. अजून वेळ आहे तोवर."

वहिनींनी पिशवी उचलली. धुलाईच्या पाण्याने पांढुरकी पडलेली त्यांची बोटं पिशवीच्या बंदात उगाच अडकली, सुटली. पाळक दारातून बाजूला झाले.

"उघडायची का, वहिनी?" काकांनी विचारलं. मग, त्याहून हळू, "मला माफ कराल?"

वहिनी बाहेर पडल्या.

काका दारापर्यंत आले, त्यापुढे पाऊल उचलेना. धुकं विरलं होतं. रस्त्याकडे जायला त्यांनी डावीकडे वळायला हवं होतं. त्या उजवीकडे वळल्या, पहिल्या रांगेकडे. उकरलेल्या मातीपाशी थांबल्या. दोन्ही फावड्यांची माती त्यांनी चपलेच्या टोकाने सावकाश खड्ड्यात लोटली. मग नेहमीच्या जागी, भिंतीच्या बाजूला, न जाता त्या कडेकडेने चालत पलीकडच्या टोकाला गेल्या, जिथे क्रूस होता तिथे. क्रुसाकडे पाठ केली, पदर सारखा केला, आणि पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ऊन थेट त्यांच्या चेहऱ्यावर आलं. डोळे बारीक करून, पण मान खाली न घालता, त्या समोर बघत राहिल्या, कोणाला तरी आपलं तोंड नीट दिसावं तशा.