शहादेव भाऊजींची तळहातावरची जीप

आमच्या गावात कापसावर फवारा मारावा तर शहादेव भाऊजींनी. पाठीवर पंधरा लिटरचा पंप, तोंडाला उपरणं आणि चाल अशी की एका पानाला जास्त नाही, एकाला कमी नाही. वडवणीच्या बाजारात अनोळखी माणूससुद्धा त्यांना 'फवारेवाले' म्हणून रामराम घालतो. हे माझे धाकटे दीर. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीला एक खिडकी. त्यामुळे पुढचं सगळं मी खिडकीतून पाहिलेलं आहे; जे दिसलं नाही ते ऐकू आलेलं आहे.

भाऊजींच्या हातून आयुष्यात एक मोठी चूक झाली. छोट्या चुकांचा हिशोब त्यांची बायको छबुबाई ठेवते, तो वेगळा. छबू या घरात नवरी म्हणून आली ती उघड्या जीपमधून. मी तेव्हा ओवाळायला दारात उभी होते. ती जीप भाऊजींची, आणि छबूला नवऱ्याआधी जीपच आवडली होती, असं ती स्वतः सांगते.

बावीस वर्षांपूर्वी पंचमीला छबू माहेरी गेली होती, नारायणगडाजवळ. परतीच्या दिवशी तिनं माहेरच्या गल्लीत सांगून ठेवलं, "आज आमची जीप येणार हाय." भाऊजी निघाले जीपनंच. पण मांजरसुंब्याचा चहा चांगला म्हणून वाकडी वाट करून तिकडे गेले. ढाब्यावर एका माणसाला जीप आवडली. चहा संपायच्या आत भाऊजींनी ती विकून टाकली आणि सासुरवाडीला पोचले एसटीनं. हातात जीपचा पोंगा. रबरी फुगा दाबला की पों करणारा. तेवढा म्हणे आठवण म्हणून काढून घेतला.

तेव्हापासून या घरात काहीही सापडेनासं झालं, चष्मा असो की विळा, की छबू शांतपणे म्हणते, "मांजरसुंब्याला बगा. इकलं असंल."

तर यंदा धोंड्याच्या महिन्यात लेक मनिषा आणि जावई सोमनाथ पुण्याहून आले. जावयांना छोट्या गाड्यांचा नाद. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून हुबेहूब गाडी करायची आणि एअरब्रशनं रंगवायची. एअरब्रश म्हणजे पेनाएवढी पिचकारी, मागं नळी, नळीच्या टोकाला डब्याएवढा कॉम्प्रेसर. तो सगळा सरंजाम आणि एका जीपचे सुटे भाग त्यांनी सोबत आणले होते.

भाऊजींनी डब्यावरचं चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "जावईबापू, हे हितंच ठिवून जा. जरा बगतो." कुणासाठी ते बोलले नाहीत आणि छबूनं विचारलं नाही. पण ती पंचमीला माहेरी जाणार होती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. महिनाभर वेळ हातात होता.

जावई जाण्याआधी शिकवणी झाली. जावयानं सासऱ्याला शिकवायचं म्हणजे अवघडच. चूक म्हणायची सोय नाही.

"मामा, बोट दाबलं की हवा येते, मागं ओढलं की रंग येतो. आणि रंग दुधाइतका पातळ करायचा."

"कोणच्या दुधाइतका?" छबूनं चुलीपासूनच विचारलं. "घरी पितो त्या, का डेरीला घालतो त्या?"

जावई पुण्याचे. विचारात पडले. "घरच्या," ते शेवटी म्हणाले, "पण त्यात थोडं पाणी घालून..."

"म्हंजी डेरीच्याच," छबू म्हणाली.

ते दोघे गेले आणि भाऊजींचा सराव सुरू झाला. आधी खोलीत त्यांनी चिमूटभर माती वर उडवून वारा कुठून आहे ते पाहिलं. दारं आणि बाहेरच्या खिडक्या बंद होत्या. माती त्यांच्याच डोळ्यात गेली. मग तोंडाला उपरणं बांधलं. जीप काडीवर टोचून, काडी फिरवून रंग द्यायचा असं जावयांनी दाखवलं होतं. भाऊजी जीप पाटावर ठेवून स्वतःच पाटाभोवती फिरायचे, फवारणीच्या चालीनं. दोन फेऱ्यांत नळी पायात गुंतायची. आणि सगळ्यात गंमत म्हणजे उजव्या हातात पिचकारी असताना डावा हात आपोआप खाली-वर व्हायचा. तीस वर्षं पंपाचा दांडा मारलेला हात. त्याला कोण सांगणार की इथं मोटर आहे?

"अहो, डाव्या हातानं काय करताय?" मी खिडकीतून विचारलं.

"वैनी, त्यो माजं ऐकत न्हाई."

आठ दिवसांत घरातला भोपळा निळा झाला, औषधाच्या बाटल्यांची टोपणं चंदेरी झाली, आणि पांढऱ्या कोंबडीचं शेपूट गुलाबी झालं. कोंबडा तिला ओळखेना. छबू म्हणाली, "तिलाबी इकून या, म्हंजी मोकळे झालात."

मग रंगाचा प्रश्न आला. जीप कोणत्या रंगाची होती? भाऊजी म्हणाले लाल. शेजारच्या बजरंगनं शपथेवर सांगितलं निळी. माझ्या नवऱ्याला जीप होती हेच नीट आठवेना. खरं उत्तर एकाच माणसाकडे होतं आणि त्याला विचारायची भाऊजींची छाती नव्हती. त्यांनी मला पाठवलं.

"छबू, तुझी ती जीप लाल होती ना गं?"

ती भाकरी थापत होती. थाप चुकली नाही. "लाल कावून आसंल? डाळिंबाच्या सालीची होती. उनात चार दिस पडलेल्या सालीची." हात पुसून उठली आणि खोकल्याच्या काढ्यासाठी ठेवलेली वाळकी साल डब्यातून काढून माझ्या हातात दिली. "ही न्या अक्का. तुमालाच पायजे आसंल."

भाऊजींनी सालीशी जुळवून रंग केला. लाल, थोडा तपकिरी, नखाएवढा पिवळा. जुळला. इथवर सगळं नीट होतं. पण फवारणीवाल्याचं मन. पावसाळी हवा बघून त्यांना वाटलं, रंग टिकला पाहिजे. कापसावर औषध मारताना पानाला धरून राहावं म्हणून त्यात स्टिकर नावाचं चिकट रसायन टाकतात. भाऊजींनी तेच रंगात टाकलं. दोनच थेंब, पण मोजून, अनुभवानं.

रंग जीपवर पडला आणि जिथं पडला तिथून मागं सरकला. गोल-गोल खड्डे. पाच मिनिटांत जीपला देवी निघाल्या.

भाऊजींनी जावयांना व्हिडिओ कॉल लावला. जावयांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"मामा, हे... वेगळंच झालंय."

"स्टिकर कमी पल्डं का?"

पलीकडून मनिषाचं हसू ऐकू आलं. जावई मात्र गंभीरपणे म्हणाले, "मामा, हा रंग पावसात भिजणार नाहीये. गाडी कपाटात राहणार आहे."

पंचमीला चार दिवस उरले होते. भाऊजी पाटावर बसून राहिले. जेवायला हाक मारली तर उठेनात. "वैनी," ते हळूच म्हणाले, "एकदा इकली, आन् आता हातात आली तर नासवली."

तेवढ्यात छबू आली. एका हातात मेडिकलमधलं स्पिरिट, दुसऱ्या हातात भाऊजींचा दात घासायचा ब्रश. मधे बसली आणि देवी घासायला लागली. "डावा हात मी धरते," ती म्हणाली, "तुमी उजव्यानं मारा."

आणि खरंच तसं झालं. तीन दिवस रोज एक पातळ थर. ती त्यांचा डावा हात मांडीवर दाबून बसायची आणि दुसऱ्या हातानं काडी फिरवायची. शेवटचा थर पंचमीच्या सकाळी पडला. मी खिडकी सोडून आतच गेले. तळहातावर मावेल एवढी जीप, आणि तीच. अगदी तीच.

"नवी गाडी हाय," छबू म्हणाली. "पुजा केल्याबिगर हलवायची न्हाई." चाकांखाली ठेवायला लिंबं मोठी झाली असती, म्हणून तिनं दारातल्या चार पिकल्या लिंबोळ्या घेतल्या. ओलं कुंकू बोटावर घेऊन बॉनेटवर स्वस्तिक काढायला गेली. व्हिडिओ कॉलवर पूजा बघणारे जावई ओरडले, "सासूबाई, अजून वाळला नाही—"

उशीर झाला होता. स्वस्तिक रंगात रुतलं, शेजारी छबूच्या बोटाचा ठसा. भाऊजींनी डोळे मिटून घेतले, मग जीप पुढं ढकलली. तीन लिंबोळ्या फुटल्या. चौथीवर पुढचं डावं चाक निघून कोंबडीकडे गेलं.

"आसूद्या," छबू म्हणाली. "मूळ गाडीबी आशीच होती."

बजरंग दारात उभा होता. चाक बसवून झालं तसा म्हणाला, "शहादेव, मला देतो का बे? काय घेतो बोल."

भाऊजींनी छबूकडे पाहिलं. "मालकिणीला इचार."

"मांजरसुंब्याला जा," छबू म्हणाली. "तितं मिळंल."

मग रंग वाळल्यावर जीप स्टीलच्या डब्यात, मऊ धडप्यात गुंडाळून, एसटीनं निघाली. डबा मांडीवर घेऊन छबू खिडकीशी, शेजारी भाऊजी. हे पुढचं मनिषानं तिच्या मामाकडून, म्हणजे छबूच्या भावाकडून, ऐकून मला सांगितलं. माहेरच्या दारात छबूनं डबा उघडला, उंबऱ्यावर जीप ठेवली आणि बावीस वर्षांपूर्वीच्या शेजारणींपैकी ज्या उरल्या होत्या त्यांना हाका मारल्या.

"म्हन्लं होतं का न्हाई, आमची जीप येणार हाय?"

आणि मागून भाऊजींनी पिशवीतून पोंगा काढून वाजवला.