वाघोबाला लागलेला हात

घाटकोपरहून बोरिवलीला जाऊन आलेल्या बाईनं प्रवासवर्णन लिहावं, याचं काहींना हसू येईल. येऊ द्या. मी सकाळी निघून संध्याकाळी घरी आले, तरी माझ्या मते बरीच लांब जाऊन आले.

निघण्याचं कारण माझा थोरला भाऊ, दादा. जन्मभर बँकेत नोकरी केली आणि दर रविवारी जलरंगात चित्रं काढली. मग डोळ्यांचा पडदा खराब झाला. आता समोरचं सगळं पुसट, कडेचं तेवढं थोडं दिसतं. तेव्हा मी हट्टानं मुलुंडच्या जलरंगाच्या वर्गात नाव घातलं. चित्र मी काढायचं आणि दादानं फोनवरून शिकवायचं, असं आमचं सुरू झालं. ‘कागद ओला आहे तोवर दुसरा रंग सोड’, ‘घाई करू नको, वाळू दे’. शिकवताना त्याचा आवाज पूर्वीसारखा व्हायचा. पण दिवाळीच्या तोंडावर तो म्हणाला, “आता तुझं तू शीक गो. माका दिसणा नाय, मी काय शिकवू?”

फोन ठेवल्यावर मी रडले. माझी चित्रं बिघडली असती तरी चाललं असतं. दादा कोपऱ्यात गप्प बसून राहील, ही भीती खरी होती.

वर्गातली माझी मैत्रीण मंजुळा वारली समाजातली. अंधेरीच्या एका ऑफिसात काम करते, राहते बोरिवलीच्या जंगलातल्या पाड्यावर (वस्तीवर). तिनं वाघबारशीला बोलावलं होतं. त्या दिवशी वाघोबाची, म्हणजे लाकडात कोरलेल्या वाघाची पूजा असते. प्राण्यांची शिल्पं पाहण्याचं वेड मला हल्लीच लागलंय. म्हटलं, हा वाघ दादाला घेऊनच बघू.

दिंडोशीला वहिनीनं त्याला मेट्रोच्या फलाटावर माझ्या हवाली केलं. “जेवायला मिळणार म्हणून येतोय,” त्यानं आधीच बजावलं. गाडीत मी खिडकीबाहेरचं सांगत बसले.

“डोंगर आज निळा दिसतोय, दादा. खाली थोडा जांभळा.”

“असंल.”

पूर्वी यावर त्यानं कुठला निळा ते विचारलं असतं. मी उगीच पर्स उघडून बंद केली.

जंगलात शिरल्यावर ऊन झाडांत अडकलं आणि जरा बरं वाटलं. पाचोळा वाजत होता, लांब चितळं चरत होती. मी दादाचा हात धरून त्यांच्याकडे बघत राहिले, तेवढ्यात एका माकडानं मंजुळाच्या आईसाठी आणलेला पेढ्यांचा डबा हिसकावला आणि झाडावर जाऊन बसलं. मी आरडाओरडा केला.

“काय गेलं?” दादानं विचारलं.

“पेढे!”

“खाऊंदे. त्याची पण दिवाळी आहे ना.”

दिवसभरात पहिल्यांदा तो हसला. मी माकडाला मनातल्या मनात माफ केलं.

पाड्यावर मंजुळाच्या आईनं किसलेली काकडी, तांदळाचं पीठ आणि गूळ घालून पानात उकडलेला गोड पदार्थ दिला. दादा वास घेऊन म्हणाला, “हे तर आमचे पातोळे!” आमच्या कोकणात काकडीचे असेच करतात. त्यानं चार खाल्ले. मग मंजुळा म्हणाली, “मावशी, पूजेआधी चित्र काढून घ्या ना. शेंदूर लागला की कोरीवकाम दिसणार नाही.”

वाघोबा झाडाखाली होता. जुनी जाड फळी, तिच्यावर पाठीवर शेपूट घेतलेला वाघ आणि वर चंद्र-सूर्य. मी भराभर कागद ओला करून वाघ काढला, बरा साधला. दादा शेजारी पाठ फिरवून बसला होता.

मग म्हातारे भगत (पूजा सांगणारे) आले. तेलात शेंदूर कालवून त्यांनी वाघाच्या कपाळाला पहिलं बोट लावलं. सगळे पुढे सरकले. “काका, देव तुमच्या पुढ्यातच आहे,” मंजुळा म्हणाली, आणि कुठे ते चाचपायला दादानं हात पुढे केला. तो थेट ओल्या शेंदरावर पडला.

सगळे जागीच थबकले. नारळ अजून फोडायचा होता, त्याआधी भगतांखेरीज कुणी देवाला हात लावायचा नव्हता. मी दादाचा हात मागे ओढायला वाकले.

भगतांनी दादाकडे पाहिलं. “हात लागला ना? मग मधी सोडू नको. आमच्यात ज्याचा हात लागंल, त्यानंच शेंदूर पुरा करायचा.”

“मला दिसत नाही हो,” दादा म्हणाला.

“त्याला तू दिसतोस ना? लाव.”

वाटी दादाच्या हातात आली. तो अवघडून गुडघ्यावर बसला. आधी बोटं भीत भीत कपाळावर फिरली, मग कानावर, मग पाठीवरून लांब खाली. “पोट आत घेतलंय,” तो पुटपुटला. “भुकेला आहे हा. आणि मागचा पाय बघ गो, खोल कोरलाय, उडी मारायच्या तयारीत आहे.” मी बघितलं. मघाशी डोळ्यांनी बघून काढलेल्या माझ्या वाघाचे चारही पाय सारखे होते. दादा बोलत होता, शेंदूर लावत होता, आणि आवाज तोच होता, फोनवरचा. मी पदरानं डोळे पुसत राहिले.

परतीच्या मेट्रोत त्यानं माझं चित्र मागितलं. कागदावरून अंगठा फिरवला, परत फिरवला.

“काहीच लागत नाही गो.”

“जलरंग आहे, दादा. लागणार काय?”

त्यानं कागद माझ्या हातात परत दिला. “शाडू आण. डोळे मिटून बस. शिकवतो.”

गेल्या रविवारी त्याच्या घरी मी डोळे मिटून बिबट्या केला. मधेच मी एक डोळा उघडला, तर म्हणाला, “बघू नको!” त्याला कसं कळलं, देव जाणे. मग त्यानं माझा बिबट्या हातात घेतला, पाठीपासून शेपटीपर्यंत नीट चाचपला.

“कुत्रा झालाय,” तो म्हणाला. “मोड. परत कर.”

मी मोडला. इतक्या आनंदानं काही मोडल्याचं मला आठवत नाही.