कीव येण्याजोगे

वडील गेले त्या आठवड्यात आमच्या जुनवानीच्या घरी 'बिचारे' हा शब्द चहाच्या कपांबरोबर फिरत होता. बिचारे अंथरुणावरच होते. बिचाऱ्यांचे फार हाल झाले. एवढं बोलून माणसं कप रिकामा करीत आणि मोबाइल बघत उठत. कीव करायला काहीच लागत नाही, म्हणून लोक ती इतकी सढळ हाताने करतात.

वडिलांना हा शब्द खपत नसे. लहानपणी भंडाऱ्याकडच्या गावात त्यांना ओंजळीत वरून पाणी ओतून देत. ओतणारी बाई म्हणे, "बिचारं पोरगं!" पुढे इथल्या पोलाद कारखान्यात कोकच्या भट्टीवर सारी नोकरी झाली, तरी ती बाई त्यांच्या डोक्यातून गेली नाही. "तिनं शिवी देली असती तं इसरलो असतो," ते म्हणत. शेवटची दोन वर्षं डावी बाजू लुळी होती. रोज सकाळी मी आरसा धरायचे आणि ते उजव्या हाताने स्वतः दाढी करायचे. गालाला कापलं तरी वस्तरा माझ्या हाती देत नसत.

पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी चुलतभाऊ मजकूर घेऊन आला. तो रसमड्याच्या एका फॅक्टरीत मॅनेजर आहे. या कार्यक्रमात त्रिशरण-पंचशील झालं की लोक एकेक करून माईकवर येऊन गेलेल्याबद्दल बोलतात. घराच्या वतीने मात्र लेखी आदरांजली वाचतात. ती अलीकडे इंग्रजीत असते. इंग्रजीत दुःख जास्त शिकलेलं दिसतं. कागदावर पहिल्याच ओळीत होतं, 'अवर पिटिएबल अंकल'. खाली तोच शब्द आणखी दोनदा.

"हा शब्द काढ," मी म्हटलं.

"कावून? लय वजनदार आहे, ताई. नेटवरून शोधून टाकला."

"अर्थ पाहिलास?"

"सिम्पथीवालाच आहे ना! तू भी ना, घरात मयत झाली अन् तू पेपर तपासून राहिली."

मी शाळेत इंग्रजी शिकवते. तरी गप्प बसले. रात्रभर त्या गप्प बसण्याची लाज वाटली. ज्या माणसाने आयुष्यभर कीव नाकारली, त्याच्यावर ती उद्या माईकवरून टाकली जाणार होती. तीही त्याच्याबरोबर भट्टीवर राबलेल्या माणसांसमोर.

दुसऱ्या दिवशी तो ऐटीत वाचू लागला. तो शब्द दुसऱ्यांदा आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने हात वर केला. ते वडिलांच्याच पाळीतले. आजारपणात रोज दुपारी पत्ते खेळायला येणारे तेवढे एकटेच.

"थांब बाबू. हे पिटिएबल काय असते? सायेब लोकायचं पद आहे काय?"

मागे कुणीतरी हसलं. भावाने माझ्याकडे पाहिलं आणि कुजबुजला, "ताई, दयाळू म्हनून सांगून दे." माईक चालूच होता. साऱ्या मंडपाने ते ऐकलं.

"सांग माय," म्हातारे म्हणाले, "तू तं मास्तरीन आहे."

मी उभी राहिले. "ज्याची कीव यावी असा माणूस."

"कोनाची कीव? याची?" त्यांनी हार घातलेल्या फोटोकडे हात केला. "मरायच्या चार दिस आधी यानं मले रमीत हरवलं. वरून म्हने, हरला ना, मंग चाय तू बनव. काट तो शब्द!"

भावाकडे पेन नव्हता. माझ्या पर्समध्ये वह्या तपासायचा लाल पेन होता. तिन्ही ठिकाणी शब्द खोडून मी कागद परत दिला. त्याने खाली मान घालून उरलेलं वाचलं. कुठेच काही कमी पडलं नाही.

जेवणं झाल्यावर एक आत्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बिचारी पोरगी! लय जीव होता बापावर."

मी तिला चहा विचारला नाही.